वजनातली दुरुस्ती

गहिनीनाथनं टेबलावरचा कीबोर्ड उचलला आणि भागवतच्या तोंडावर हाणला. सपाट बाजूनं नाही, कडेनं. चार-दोन बटणं उडून फरशीवर पडली आणि त्यांच्या मागोमाग भागवतचा पुढचा दात पडला.

"आता टाक," गहिनीनाथ म्हणाला. "अठरा टन."

बाहेर काट्यावर उभ्या असलेल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांत चौदा टनही ऊस नव्हता. खिडकीतून आंधळ्यालाही दिसलं असतं. पण गहिनीनाथ हा उपाध्यक्षांचा मेहुणा, कारखान्याच्या निम्म्या ट्रॉल्या त्याच्या, आणि त्याचा ऊस कायम वजनदार. कालपर्यंत काट्यावरचा कारकून भागवत वजनाचा आकडा डोळ्यांनी बघायचा आणि हातानं कॉम्प्युटरात टाकायचा. चौदाचे अठरा व्हायला एक शिवी पुरायची.

आज सकाळपासून ते बंद झालं होतं, आणि बंद करणारा माणूस कोपऱ्यातल्या स्टुलावर अंग चोरून बसला होता. केदारनाथ, पुण्याच्या कंपनीचा इंजिनिअर. परळीहून जाताना सिरसाळ्याच्या अलीकडे लागणारा हा नवा खाजगी कारखाना. त्याच्या एमडींना काटा आणि हापिस एकमेकांना जोडून हवे होते. काट्याची भाषा वेगळी, हापिसातल्या हिशेबाच्या कॉम्प्युटरची भाषा वेगळी. मध्ये दुभाष्यासारखा एक प्रोग्राम बसवायचा, त्याला अडॅप्टर म्हणायचं. वजन काट्यावरून उठेल ते तारेतून थेट हापिसात जाऊन बसेल. मध्ये माणसाचा हात नको, हीच तर सगळी मजा, असं केदारनाथनं सकाळीच हौसेनं सांगितलं होतं.

"मालक, माज्या हातात न्हाई आता," भागवत तोंडावर हात धरून बोलला. बोटांमधून रक्त मनगटावर उतरत होतं. "काटा सोताच हापिसाला सांगतोय."

"काटा सांगतोय? आन् तू काय करतोस बे, आरती?"

गहिनीनाथनं इकडेतिकडे पाहिलं. भिंतीलगत वीस वीस किलोची लोखंडी वजनं मांडलेली होती. काटा खरं बोलतो का ते तपासायला केदारनाथनंच ती काढून ठेवली होती. गहिनीनाथनं त्यातलं एक कडीला धरून उचललं, भागवतच्या चपलेवर आणलं आणि सोडून दिलं.

भागवत ओरडला नाही. नुसता खाली बसला आणि पाय पोटाशी धरून डुलायला लागला.

"थांबा!" केदारनाथ उठला. त्याचा आवाज त्यालाच बारीक वाटला. "मी करतो. हातानं टाकता येतं."

आणि येत होतंच. प्रोग्रामला चाचणीचा एक कप्पा होता. तो उघडला की वाटेल तो आकडा टाकता यायचा, पावती खऱ्यासारखीच छापून यायची. पण तो आकडा त्या कप्प्यातच राहायचा आणि इंजिनिअर जाताना कप्पा पुसून जायचा. खरं वजन तिकडे तारेतून गुपचूप हापिसात गेलेलं असायचं. केदारनाथनं फरशीवरची बटणं गोळा करून जागेवर दाबली, कप्पा उघडला, अठरा टाकले. पावती करकरत बाहेर आली.

गहिनीनाथनं ती उजेडात धरून वाचली. त्याचा चेहरा एकदम लग्नघरासारखा खुलला.

"बघ बे भागवत, शिकल्याला मानूस आसा आसतो." त्यानं केदारनाथच्या पाठीवर थाप मारली, थाप कसली, धपाटाच. "कुनाचा बे तू?"

हा प्रश्न या भागात कुणीही कुणालाही विचारतो, आणि उत्तर न देणं म्हणजे बापाला लपवणं. केदारनाथच्या तोंडून उत्तर आपोआपच गेलं.

"शिवलिंगअप्पांचा. परळीचा. देवळाच्या रस्त्याला बेल-नारळाचं दुकान आहे आपलं."

"आरं तिच्या! आपल्या अप्पाचं पोरगं व्हय!" म्हणत गहिनीनाथ निघून गेला.

केदारनाथनं दार लावून घेतलं. भागवतच्या अंगठ्याचं नख उलटलं होतं, चप्पल ओली झाली होती. फडकं बांधता बांधता केदारनाथनं त्याला सगळी युक्ती सांगितली. भीती ओसरली होती आणि तिच्या जागी अक्कल चढली होती.

"त्याच्या हातात फक्त कागद. हापिसात खरं वजन. कळलं का? एकही किलो जास्त नाही."

त्याला वाटलं, भागवत हसेल. भागवतचा चेहरा पांढरा पडला.

"साहेब, पंधरवड्याचं बिल निघंल. त्यात ह्यो आकडा नसंल. मंग त्यो कुनाकडं यील?"

"पोलिसात जा ना. कायदा आहे का नाही?"

"तुमी पुन्याला आसाल," भागवत म्हणाला आणि त्यानं ओली चप्पल पायात सरकवली.

केदारनाथनं विचारलं, "त्याला मालक का म्हणता हो? मला साहेब, एमडींना साहेब. कारखाना काय त्याच्या बापाचा आहे?"

"ज्याचा मार खाल्ला, त्याला मालकच म्हनत्येत आमच्याकडं."

आठवडाभर तेच चाललं. गहिनीनाथ रोज यायचा, रांग मोडून ट्रॉल्या काट्यावर चढवायचा. एकदा आश्रुबा नावाच्या म्हाताऱ्या गाडीवानानं बैल मागे घ्यायला नकार दिला, सकाळपासून बैल उपाशी आहेत म्हणाला. गहिनीनाथनं त्याच्याच हातातला आसूड काढून घेतला आणि त्याच्याच पाठीवर तुटेस्तोवर ओढला. रांगेतले सगळे गाडीवान आपापल्या बैलांच्या शिंगांकडे बघत राहिले. मग गहिनीनाथ घाम पुसत केबिनमध्ये आला, चहा मागितला आणि आकडा सांगितला. केदारनाथनं तो चाचणीच्या कप्प्यात टाकला.  या दांडगटाला आपण रोज कसा बनवतोय, याची त्याला आतून गुदगुली होत होती. मार काही त्याला बसत नव्हता.

निघायच्या दिवशी सकाळी भागवत लंगडत त्याच्यासमोर येऊन उभा राहिला. हात जोडलेले.

"साहेब, जाताना मालकाच्या तेवढ्या खेपा पावतीपरमानं दुरुस्त करून जा. तुमच्या हातानं. तुमी इंजिनेर, तुमाला कोन इचारतंय?"

"मला जमत नाही. दुरुस्ती फक्त काट्यावरच्या माणसाच्या पासवर्डनं होते आणि त्याचं नाव कायमचं लागतं. मीच तसं बसवलंय, हापिसातल्यांनी मागून गडबड करू नये म्हणून." हे सांगताना त्याच्या आवाजात अभिमान होता. "तुमचा पासवर्ड आहे. करा तुम्ही."

"माज्या नावावर चोरी चढंल की. जेलात घालतेत."

"मग करू नका. खरं तेच राहू द्या. अहो, कधीतरी कुणीतरी उभं राहायलाच पाहिजे ना, भागवत!"

भागवतनं जोडलेले हात सोडले. ओठ अजून सुजलेला होता, त्यामुळे तो हसला की काय ते कळलं नाही.

एमडींनी कॉम्प्युटरला हार घातला, पेढे वाटले, केदारनाथला शाल दिली. त्यानं सगळ्यांसमोर चाचणीचा कप्पा पुसला. आता काटा आणि हापिस, मध्ये कुणी नाही. टाळ्या वाजल्या. पुण्याची गाडी संध्याकाळी होती; तेवढ्यात अप्पांना भेटून यावं म्हणून तो परळीला गेला.

शिवरात्र तोंडावर आली होती. देवळाच्या रस्त्याला नारळांच्या राशी लागल्या होत्या, आणि थर्मल वीजकेंद्राची राख नेहमीसारखी सगळ्यांवर सारखीच बसत होती. अप्पा गादीवर बसले होते, पाय खाली सोडून, अनवाणी. कपाळावर भस्म, तोंडभर हसू. त्यांच्या शेजारी गादीवर गहिनीनाथ बसला होता.

"ये केदार! हे बघ, तुझे दोस्त आलेत. तासभर तुझंच कौतुक चाललंय."

गहिनीनाथच्या हातात अप्पांच्या तराजूचं पाच किलोचं वजन होतं. बसल्या बसल्या तो ते कडीला धरून हलवत होता. पुढे, मागे. बरोबर अप्पांच्या उघड्या पायावर.

"काट्यावं गेलतो दुपारी," गहिनीनाथ गोड आवाजात म्हणाला. "भागवतला म्हनलं, नवं मशीन आलं, बिलात बराबर दिसंल ना? तर म्हनला, माजा काय हात न्हाई, समदं इंजिनेरसाहेबानं केलंय, त्यान्लाच इचारा. म्हनलं चला, जाता जाता घर बघून ठिवावं. दिसंल ना?"

"ठेवा हो ते खाली," अप्पा हसत म्हणाले, "जड आहे, सुटलं तर माझा पाय जाईल."

"सुटंल कशाला, अप्पा? आपलं पोरगं हुशार हाय." गहिनीनाथची नजर केदारनाथवरून हलली नाही. "दिसंल ना बे?"

"दिसेल," केदारनाथ म्हणाला.

गहिनीनाथनं वजन हलकेच तराजूत ठेवलं, अप्पांच्या पाया पडला, एक नारळ घेतला आणि अप्पांच्या पायाशी उंबऱ्याच्या दगडावर असा आदळला की पाणी अप्पांच्या धोतरावर उडालं. "हर हर महादेव," म्हणाला आणि गेला.

"अप्पा, दुकान बंद करा. चला माझ्यासोबत पुण्याला. आत्ता."

"वेड लागलं का तुला? शिवरात्र तोंडावर आली आणि दुकान बंद?" अप्पा धोतर झटकत म्हणाले. "माणूस जरा रांगडा आहे, पण मनाचा मोठा दिसतो. पेढे घेऊन आला होता. हा घे."

केदारनाथनं पेढा तसाच ठेवला आणि सिरसाळ्याकडे निघालेल्या जीपला लटकला. जीपमधल्या कोंबलेल्या माणसांच्या मध्ये त्याला सारखा तो पाय दिसत होता. अप्पांचा, पातळ, निळ्या शिरांचा पाय.

दिवस कलला होता. काट्यावर गाड्या नव्हत्या. भागवत केबिनमध्ये एकटाच डबा खात होता, दाताच्या फटीमुळे एका बाजूनं चावत.

"पासवर्ड सांगा," केदारनाथ दारातूनच म्हणाला.

"कावून?"

"त्याच्या सगळ्या खेपा दुरुस्त करायच्यात. तुमच्याकडच्या पावत्यांच्या प्रतींवर आहेत तसे आकडे टाकायचे."

भागवतनं भाकरीचा तुकडा डब्यात परत ठेवला. "तुमीच म्हनला न्हवं, मदी मानसाचा हात नको?"

"तो घरी गेला होता! माझ्या वडिलांच्या शेजारी बसला होता!"

"मला मालूम हाय. मीच धाडला." भागवतच्या आवाजात ना राग होता ना आनंद. "साहेब, त्यो मारतो, मार सोसता येतो. जेलचं काय करू? पोरीचं लगीन ठरलंय माज्या. चोराच्या घरची पोर कोन करून घील? पोलिसात जा तुमी. तुमचं ऐकतेत."

"भागवत, पाया पडतो. पासवर्ड."

"न्हाई. कुनीतरी उभं ऱ्हायलाच पायजे, म्हनला न्हवं सकाळी."

तो हे टोमणा म्हणूनही बोलला नाही. खरंच तसं वाटून बोलला. पुन्हा भाकरी उचलली.

केदारनाथनं आयुष्यात कुत्र्यावरही दगड उचललेला नव्हता. कीबोर्ड हातात कसा आला हे त्याला कळलं नाही. त्यानं तो कडेनं धरला होता, हे मात्र त्याला त्याही क्षणी जाणवलं. डबा उलटला. त्यानंच गोळा करून बसवलेली बटणं पुन्हा फरशीवर उडाली. भागवतचा सुजलेला ओठ फुटला आणि हनुवटीवरून रक्त सरळ सदऱ्यावर आलं.

"सांग!" केदारनाथ ओरडला. "सांग, नाहीतर—"

पुढं काय, ते त्याला ठाऊक नव्हतं. त्याची नजर मात्र भिंतीलगतच्या लोखंडी वजनांकडे गेली आणि तिथून भागवतच्या फडकं बांधलेल्या पायाकडे आली. भागवतनं ती नजर पाहिली. त्यानं पाय हळूच खुर्चीखाली ओढून घेतला.

मग तो वाकला. एकेक बटण शोधून त्यानं जागेवर दाबलं, सांडलेलं कालवण बाहीनं टेबलावरून पुसलं, खुर्ची पुढे घेतली आणि पासवर्ड स्वतःच टाकला. पडद्यावर दुरुस्तीचं पान उघडलं. खाली नाव आलं: भागवत.

केदारनाथ भिंतीला टेकून उभा होता.  माफी मागायला त्यानं तोंड उघडलं.

भागवतनं मागे वळून पाहिलं नाही. दोन्ही हात कीबोर्डवर ठेवून, मान खाली घालून, तो रोजच्या आवाजात म्हणाला,

"पयली खेप कंची घेऊ, मालक?"