महाबळेश्वरची डाळ

रविवार, २४ एप्रिल १९६०. परळच्या एका चाळीत, दुसऱ्या मजल्यावरच्या अकरा नंबरच्या खोलीत त्या सकाळी जे होतं ते असं: माणसं चार, चहाचे कप तीन आणि कान तुटलेला एक, भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर एक आणि तिच्याशेजारी संयुक्त महाराष्ट्राचा नकाशा एक. नकाशाला टाचण्या सहा होत्या. त्यांतल्या दोन काढून जगदीशने एक रत्नागिरीवर आणि एक महाबळेश्वरवर टोचली होती, त्यामुळे नकाशाचा खालचा कोपरा सुटून लोंबत होता.

"अरे ए बी.एस्सी.!" दारातून जाता जाता शेजारचा दगडू ओरडला. नकाशा त्यानेच चाळीत वाटला होता. "आठ दिवसांवर राज्य आलंय आणि तू बेळगाव सोडून दिलंस? लाव ती टाचणी परत."

"सहलीचं ठरलं की लावतो."

सहल जगदीशच्या वडिलांसाठी होती. रामजी गिरणीच्या साचेखात्यातल्या मागावरून चौतीस वर्षांनी महिनाअखेरीला निवृत्त होणार होते. काय हवं म्हणून विचारल्यावर त्यांनी एकच शब्द उच्चारला होता, "समुद्र." समुद्र इथेही आहे, असं जगदीशने सांगून पाहिलं. "हा गिरणीवाल्यांचा," रामजी म्हणाले. "मला आमचा पाहिजे. रत्नागिरीचा."

जगदीशला मात्र डोंगरावरचा तलाव बघायचा होता. त्याच्या आईचं, जाईबाईचं माहेर महाबळेश्वरला, वेण्णा तलावाच्या अलीकडच्या वस्तीत. आणि सव्वीस वर्षांच्या आयुष्यात तो तिथे एकदाही गेला नव्हता. तेव्हा एकाच फेरीत दोन्ही करायचं. तीन मेला भाऊच्या धक्क्यावरून बोटीने रत्नागिरी, तिथून एस.टी.ने वर. वाटेत पोलादपूरला उतरून महाडला जायचं आणि चवदार तळ्याचं दर्शन घ्यायचं, ही रामजींची भर. तिला कोणाचीच हरकत नव्हती.

जगदीशने दोन टाचण्यांमध्ये दोरा ताणला, पट्टीवर धरला आणि वहीत आकडा मांडला.

"अडुसष्ट मैल. सकाळी सहाची गाडी धरली, तर दुपारचं जेवण तलावावर."

तांदूळ निवडणाऱ्या जाईबाईने मान वर केली. "तुझ्या दोऱ्याला घाट ठाव हाय का रं?"

"आणि जेवण म्हणे महाबळेश्वरला!" आत्या म्हणाली. आत्या म्हणजे सुंदराबाई, रामजींची थोरली बहीण. दर रविवारी चिंचपोकळीहून चालत येई आणि चहात साखर कमी आहे असं सांगून तो संपवी. "जायचं तर जा बाबा, पण डाळ घरून शिजवून ने. नाहीतर दात इथेच ठेवून जा."

रामजी हसले. जगदीशही हसला. त्या घरात हा विनोद तो जन्मल्यापासून चालत आला होता. अर्धवट राहिलेल्या कुठल्याही कामाला, मग ते न वाळलेलं धोतर असो की न सुटलेलं गणित, त्यांच्याकडे 'महाबळेश्वरची डाळ' म्हणत.

जाईबाईने सूप खाली ठेवलं.

"तुमी रत्नागिरी करून या," ती म्हणाली. "मी डोंगरावर येणार न्हाई. वन्संच्या संगं तर न्हाईच न्हाई."

आणि ती पाण्याची कळशी घेऊन बाहेर गेली. कळशी भरलेलीच होती.

गोष्ट तीस वर्षांपूर्वीची, रामजी आणि जाईबाईच्या लग्नातली. वऱ्हाड कोकणातून घाट चढून संध्याकाळी पोचायचं, ते रात्रभर चालून दुपारीच पोचलं. सगळे भुकेने कासावीस. जाईबाईची आई म्हणत होती, "हिथं डाळीला येळ लागतो, जरा थांबा." पण वरपक्षाकडून सुंदराबाईने हुकूम सोडला की, आमच्याकडे पानं मांडेपर्यंत डाळ होते, वाढा! वाढली. मग भरपंगतीत तिने डाळीचा एक दाणा दोन बोटांत धरून सर्वांना दाखवला. "ही डाळ की बंदुकीतले छर्रे?" जाईबाईची आई वऱ्हाड परत जाईपर्यंत चुलीपाशीच बसून राहिली. पुढे दोन वर्षांनी ती वारली.

जगदीशला हे तुकड्यातुकड्यांनी माहीत होतं. आपली आई डाळ रात्रीच भिजत घालते, आणि तिच्या आमटीत अख्खा दाणा आपण कधी पाहिलेला नाही, हेही माहीत होतं. या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहायचं मात्र त्याला कधी सुचलं नव्हतं.

मंगळवारी, तो नोकरी करायचा त्या प्रयोगशाळेत, जेवणाच्या सुट्टीत तो मोठा ॲटलास उघडून बसला. आईने दोऱ्याची चूक बरोबर पकडली होती. सपाट नकाशात चढ दिसत नाही. घाटाचा हिशोब धरायचा म्हणून त्याने महाबळेश्वरची उंची शोधली. साधारण साडेचार हजार फूट. आकडा वहीत उतरवला आणि पेन्सिल तिथेच थांबली.

उंच जावं तसा हवेचा दाब कमी होतो. दाब कमी झाला की पाणी कमी उष्णतामानाला उकळतं. इंटरच्या परीक्षेत यावर प्रश्न आला होता, सहा गुणांचा. जगदीशला सहाच्या सहा मिळाले होते. त्याच संध्याकाळी घरी जेवताना आत्याने डाळीवरून टोमणा मारला होता आणि तो पोट धरून हसला होता.

संध्याकाळी त्याने प्रयोगशाळेतला थर्मामीटर वहीत सही करून घरी आणला. स्टोव्हवर पातेलं ठेवलं. पाणी खळखळायला लागल्यावर पारा ९९.८ वर थांबला. तो आईजवळ बसला आणि सगळं समजावून सांगितलं. वर पाणी उकळतं खरं, पण पुरेसं तापलेलं नसतं. डाळ कोणीही शिजवली तरी वेळ लागणारच.

जाईबाईने पातेल्यात वाकून पाहिलं.

"म्हंजी माझ्या आईचं काय चुकलं न्हवतं?"

"काहीच नाही."

"हे तू म्हणतोस. वन्सं म्हणतील, पोरगं आईची बाजू घेतंय." तिने पदराने स्टोव्हची कड पुसली. "त्यांनी माझ्या आईला बोल लावला, तर आता त्यास्नीच शिजवू दे. तिकडं बी आन् हिकडं बी. एकच डाळ, एकच पातेलं. न भिजवता. मी हात लावणार न्हाई. कबूल असंल तर मी येते."

रविवारी, एक तारखेला, सगळी चाळ रस्त्यावर होती. फटाके, लेझीम, पेढे. दगडूने बेळगावाला नवी टाचणी दिली. त्याच गर्दीत जगदीशने आत्याला अट सांगितली.

"एवढंच?" सुंदराबाई पेढा तोंडात टाकत म्हणाली. "मी दगड शिजवून दाखवीन. तुझी काचेची नळी पण टाक त्यात, फोडणीला."

थर्मामीटर बांबूच्या नळकांड्यात, भोवती जाईबाईचं जुनं लुगडं गुंडाळून निघाला. रत्नागिरीला चुलतभावाच्या अंगणात, समुद्रापासून दीडशे पावलांवर, सुंदराबाईने डाळ शिजवली. एक्केचाळीस मिनिटं. तिने पळीने डाळ घोटून सर्वांना दाखवली आणि जाईबाईकडे बघून भुवई उडवली. रामजी तिथे नव्हते. ते गुडघाभर पाण्यात उभे होते आणि हाक मारली तरी येत नव्हते.

महाड करून ते वर पोचायला, दोऱ्याच्या म्हणण्याप्रमाणे दुपार नव्हे, तर तिसऱ्या दिवशीची सकाळ उजाडली. तलावाकाठी झाडाखाली तीन दगड मांडले. रामजींनी स्वतः उतरून पातेलं भरून आणलं. पाणी उकळलं, जगदीशने पारा वाचला, सुंदराबाईने डाळ सोडली. जाईबाई चार हात दूर, हात मांडीवर ठेवून बसली.

एक्केचाळीस मिनिटं झाली. सुंदराबाईने पळीवर एक दाणा घेतला आणि दोन बोटांत दाबला. मग दुसरा. बोटांतला दाणा तसाच धरून तिने जगदीशकडे पाहिलं.

"घड्याळ बरोबर आहे का रे तुझं?"

"आत्या, रत्नागिरीला पण हेच होतं."

रामजींनी हसायला तोंड उघडलं आणि बहिणीकडे बघून मिटलं.

"तुझी आई," सुंदराबाई जाईबाईला म्हणाली, "थांबा म्हणत होती."

"व्हय, वन्सं."

"मीच घाई केली." तिने दाणा पातेल्यात टाकला. "आता जाळ तरी सरकव जरा. की त्याला पण हात लावणार नाहीस?"

जाईबाई उठली, भावजयीच्या नव्हे, यजमानणीच्या तोऱ्यात. माहेर तिचं होतं. तिने एक लाकूड पुढे सरकवलं आणि सुंदराबाईच्या शेजारी बसली. दोघी डाळीवर लक्ष ठेवून होत्या.

जगदीशच्या वहीत त्या दिवशीची नोंद आहे: वेण्णा तलाव, ९ मे १९६०. उकळतं पाणी ९५.७ अंश. डाळ, एक तास सात मिनिटं.