उपदेश द्यावा, भंते

“निर्वाणाला स्त्री-पुरुष हा भेद ठाऊक नाही!” थोरल्या भंतेंनी सभागृहात गर्जना केली. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग ते म्हणाले, “बायकांनी जरा मागे सरकावं. पंखा पुढे घ्यायचाय.”

बायका सरकल्या. त्यांत माझी ताईही सरकली. ताई भिक्खुणी झाली तेव्हा माझ्या डोक्यावर केस होते आणि तिच्या नव्हते. आता दोघांच्याही नाहीत, पण आदर तिलाच मिळतो. निदान मिळायला हवा. विहाराचा नियम असा, की भिक्खुणी कितीही जुनी असो, कालच चीवर घेतलेल्या भिक्खूपुढेही तिनेच वाकायचं. त्या वेळचे ‘कालचे’ म्हणजे विमावाले भंते. आधी ते विमा विकत. मलाही त्यांनी एक पॉलिसी गळ्यात मारली होती. खरा फायदा मेल्यावरच, असं तेव्हाच बजावलं होतं. म्हणजे माणसाचा अध्यात्माकडे ओढा जुनाच. ताई गुडघे टेकून वाकली, की ते बिचारे इतके अवघडायचे, की निम्मे स्वतःच वाकायचे.

मी पंधरवड्याच्या सभेला जायचो ते ताईच्या गुडघ्याचं मलम पोचवायला. धम्माचं जे काही कानावर पडायचं ते मलमासोबत फुकट.

पुढच्या सभेआधी मलम घेऊन ताईच्या खोलीत गेलो, तर कॉटवर नर्सबाई बसलेली. ही पोरगी हॉस्पिटलातली नोकरी सोडून इथे आलेली. लवकरच तिची दीक्षा व्हायची होती. पायाशी भरलेली बॅग आणि डोळे लाल.

“सांग ह्याला,” ताई म्हणाली. “जन्मभर दात काढत आलाय, पण ऐकायचं तेव्हा ऐकतो.”

थोरले भंते तिला एकटीला उपदेशासाठी बोलवत. दाराला आतून कडी. आधी डोक्यावर हात, मग पाठीवर, मग नको तिथे. “देहाची लाज हाही अहंकारच, म्हणाले. मी हात झटकला, तर म्हणाले, तुझी दीक्षा लांबली. आणि बाहेर बोललीस तर मौन मोडल्याचं पाप.” बॅगेकडे बघत ती हळूच म्हणाली, “माझंच मन कच्चं असेल. जाते मी घरी.”

“ती गाणारी मुलगी विहार सोडून गेली, तिचंही मन कच्चं होतं,” ताई म्हणाली. “त्याआधी ती शिक्षिका, तिचंही. भंते म्हणाले आणि आम्ही मान हलवली. अरे, सगळी कच्ची मनं एकाच दारातून कशी बाहेर पडतात?”

“मग घे ना त्याला फैलावर!”

“भिक्खुणीने भिक्खूला बोल लावायचा नाही. नियम आहे.”

“खड्ड्यात गेला नियम! ताई, तू माझ्याकडे चल. वरची खोली रिकामीच आहे.”

“मी का म्हणून येऊ? बुद्ध काय ह्यांच्या बापाचा आहे?” ताईने मलमाचं झाकण फिरवून लावलं. “मी इथेच राहणार. ही पण राहील, तिला हवं असेल तर. जायचंच असेल तर कडी लावणाऱ्याने जावं.”

लहानपणी शेजाऱ्यांच्या कुंपणावरून उडी मारायच्या आधी तिचा चेहरा व्हायचा, तसा झाला. तेव्हा मार मलाच बसायचा, म्हणून माझ्या लक्षात आहे.

“बोल लावायचा नाही, बरोबर,” ती म्हणाली. “पण दर पंधरवड्याला भिक्खुणीने उपदेश मागायचा, हाही नियमच. मागितलाच पाहिजे.” ती नर्सबाईकडे वळली. “पोरी, तुझं नाव घेणार नाही. तू नको म्हणालीस तर तोंडही उघडणार नाही. विचारू?”

नर्सबाईने बॅगेची चेन उगाच उघडली, उगाच लावली. “विचारा,” ती म्हणाली.

उपदेश मागायची रीत ठरलेली. ताई पुढे येऊन गुडघे टेकते, हात जोडते. थोरले भंते दोन शब्द बोलतात. ताई उठते आणि सगळे जेवायला पळतात. त्या दिवशीच्या सभेतही ताईने तसेच गुडघे टेकले.

“उपदेश द्यावा, भंते.”

“जागरूक राहा.”

“राहिले, भंते. म्हणूनच पुढचं विचारते.” जेवणासाठी अर्धे उठलेले लोक अर्धेच राहिले. “एखादा भिक्खू तरुण मुलीला एकटीला खोलीत बोलावतो, आतून कडी लावतो, तिच्या अंगावरून हात फिरवतो आणि त्याला उपदेश म्हणतो. अशा वेळी त्या मुलीने काय करावं? मी अज्ञानी, मला समजावून सांगावं.”

थोरल्या भंतेंनी पंखा स्वतःकडे वळवला.

“हा प्रश्न अहंकारातून आलाय,” थोरले भंते म्हणाले.

“असेल, भंते. पण कडी कुणाच्या अहंकाराने लावली?”

मागे बायकांत कुणीतरी खुदकन हसलं.

“उठा! सभा संपली!”

“उपदेश मिळाल्याशिवाय उठायचं नाही. तुम्हीच शिकवलंत.”

थोरल्या भंतेंनी भिक्खूंच्या रांगेकडे पाहिलं. रांगेने जमिनीकडे पाहिलं. टोकाला बसलेल्या विमावाल्या भंतेंनी तेवढा घसा खाकरला.

“मी नवीन आहे,” ते म्हणाले. “पण धोका दिसत असताना लपवायचा नाही, एवढं आधीच्या धंद्यात शिकलोय. त्या मुलीने सांगावं, आपण ऐकावं. आणि उपदेश इथे, सगळ्यांदेखत व्हावा. बंद खोलीत नको.” मग सवयीने विचारलं, “आणखी काही शंका?”

“खोटं आहे सगळं!” थोरले भंते ओरडले. “कोण मुलगी? कुठली मुलगी?”

“मी.”

नर्सबाई मागे उभी होती. आवाज कापत होता, पण ती खाली बसली नाही. खोलीत सांगितलं होतं ते सगळं तिने पुन्हा सांगितलं. बायका सरकल्या. ह्या वेळी तिच्या बाजूने, आणि पुढे. कुणी सांगायची गरज पडली नाही.

विहार चालवणाऱ्या संस्थेचे अध्यक्ष सभेतच बसले होते; त्यांनी तिथल्या तिथे चौकशी लावली आणि ती संपेपर्यंत थोरल्या भंतेंचा उपदेश बंद केला. भंते तरातरा निघून गेले. चारदोन पुरुष “बायकांनी विहार नासवला” म्हणत त्यांच्यामागे गेले. जेवायला मात्र परत आले. नर्सबाईने बॅग उचलली आणि पुन्हा ताईच्या खोलीत नेऊन ठेवली.

ताई अजून तशीच, गुडघ्यांवर, हात जोडलेली. केवढी शांत! मी तिच्याजवळ गेलो. म्हटलं, “ताई, आज तू जे केलंस ना, ते पुढच्या कितीतरी मुली—”

“अरे गाढवा, भाषण नंतर कर. गुडघा धरलाय. आधी मला उठव.”