पेरणीचं बियाणं

"अक्का, हे पेरायचं बियाणं आहे. औषध चोळलंय त्याला. खाल्लं तर जिवाशी येईल," किल्लीदाराने तिसऱ्यांदा सांगितलं, तरी थोरली बहीण गोदामाच्या पायरीवरून उठेना.

पदर काही तिने पसरला नव्हता. रिकामी पिशवी तेवढी घडी घालून मांडीवर ठेवली होती. तीन दिवस घरात चूल पेटली नव्हती आणि नात आता रडायचीही थांबली होती.

प्रकल्पाचे साहेब त्याच्या हाती किल्ली देऊन जीपमधून गेले, त्याला तीन महिने होत आले होते. शेती सुधारणार होती, दवाखाना मोठा होणार होता. मग सरकार पडलं, दोन्ही बाजूंच्या लोकांनी रस्ते अडवले, बाजार बंद पडला. पेरायला जावं तर शिवारात बंदूकवाले बसलेले. मागे उरलं औषधाने गुलाबी झालेल्या मक्याने भरलेलं गोदाम, शेजारच्या खोलीतली नर्स, आणि गावाने गमतीने किल्लीदार म्हणून नाव पाडलेला हा माणूस.

"स्वतःच्या घरी नेत असशील," एवढंच म्हणून अक्का निघून गेली. त्याच्या ते जिव्हारी लागलं. घरी तोही उकडलेल्या पाल्यावरच दिवस काढत होता.

दुपारी माणसं पहारी घेऊन आली. तो दारात आडवा उभा राहिला, घसा फोडून सांगत राहिला. कोणी त्याला मारलं नाही. शेजाऱ्याने दंडाला धरून, जरा हळूच, त्याला बाजूला केलं. औषधच आहे ना, पाण्यानं जाईल, असं तो म्हणाला. घटकाभरात गोदामाचा तळ दिसला.

किल्लीदार घरोघर फिरला. काहींनी ऐकून परातीच्या पराती उकिरड्यावर ओतल्या. काहींनी दारच उघडलं नाही. अक्काचं घर पार टोकाला. तो पोचला तेव्हा नातीला वाढून झालं होतं.

"सात पाण्यांनी धुतलं रे," अक्का म्हणाली.

पोर ओकू लागली तसा तिला खांद्यावर टाकून तो नर्सकडे धावला. शहराकडे जाणारी गाडी नाक्यावर कोणीच सोडत नव्हतं. नर्सपाशी सलाईनची एकच बाटली होती, अडकवायला स्टँडही नव्हता. बाटली उंच धरून तो उभा राहिला. हात भरून आला की दुसऱ्या हाताने धरायचा.

भिंतीशी बसलेली अक्का म्हणाली, "सकाळी जरा ओरडून सांगितलं असतंस मला."

सकाळी तो दबक्या आवाजात बोलला होता. चार लोकांत बहिणीची शोभा नको म्हणून.

उन्हं कलली. नर्सने पोरीच्या मनगटावरचं बोट काढलं, मग सुई काढली आणि तिथे कापूस दाबून धरला.

"दादा, हात खाली घ्या आता."

बाटलीत अजून दोन बोटं पाणी होतं. त्याने हात खाली घेतला नाही.