मोकळी तारीख

कारखान्यात ऊसतोडीची यादी माझ्याच प्रोग्रॅमवर निघते. कॉलेज नाही, क्लास नाही, मोबाईलवर बघून शिकले. आधी लावलेला ऊस, म्हणजे जुनी लागण, आधी तोडायची, एवढाच नियम. तरी निम्मा जानेवारी सरला आणि शालूबाई ऑफिसात येऊन उभी राहिली.

"पोरी, सहा जुलैची लागण माझी, दीड वरीस झालं. तुरं वाळाय लागलं. टोळी बांधावरनं पुढं जाती. नाव काढलं का काय माझं?"

नाव होतं, एक्क्याऐंशीवं. वरच्या ऐंशी जणांच्या लागणीची तारीखच नव्हती. रकाना मोकळा. कॉम्प्युटर मोकळी तारीख सगळ्यांत जुनी धरतो आणि वर नेऊन बसवतो. हे मी बघितलं नाही, चूक माझीच.

पण चाचणीची यादी वीरधवलनं बघितली होती. माझा चुलत भाऊ, गटाचा चिटबॉय, शेतोशेत फिरून ऊस नोंदवणारा. तेव्हा त्यानं विचारलं होतं, "अंके, शेतकऱ्याला तारीख ठाऊक नसंल तर?"

"मनची टाकू नकोस. मोकळी सोड."

आता त्याला बोलावलं, तर हसतोय.

"एक तरी खोटी तारीख टाकलीया का मी? दाखव. तूच शिकवलंस की."

"म्हैस कवा व्याली ते तिथीसकट सांगणारी माणसं ही, वीरूदादा. ऐंशी जणांना लागण ठाऊक न्हाई?"

"लय ताणू नको. एकोणसत्तर नंबरला कोण हाय ते बघ आधी."

आबा. माझा बाप. उद्या त्याच्या उसाला टोळी लागणार होती.

फोन लावला. "आबा, आपली लागण कवाची?"

"काय की गं. ध्यानात न्हाई."

"वीरूदादाला काय सांगितलंत?"

"त्योच म्हणला, मोकळं राहू दे, अंकीला इचारलंय."

म्हणजे ऐंशी घरांत माझं नाव फिरवलं त्यानं. आणि बापानं मला एका शब्दानं विचारलं नाही.

मोकळ्या तारखा सगळ्या यादीच्या तळाला ढकलल्या. आबांची मात्र मला ठाऊक होती. राखीपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी कांड्या मीच सरीत टाकल्या होत्या. ठाऊक असलेली तारीख मोकळी कशी सोडू? वीस ऑगस्ट टाकली. आबा दोनशे चौदावर गेले, शालूबाई पहिल्या पानावर आली. यादी मुकादमाला पाठवून दिली.

दुसऱ्या दिवशी आबांचा फोन.

"टोळी आली न्हाई गं."

"नंबर लागला की येईल."

"बाप हाय मी तुझा."

"व्हय. म्हणून तर तारीख टाकली. बाकीचे तळाला हायत."