आईने केलेला सौदा

गिरणी संपात उत्तमच्या वडिलांची नोकरी गेली, तेव्हा त्याची आई सोनूबाई हिने दारोदार मासळी विकून घर चालवलं. वीस वर्षांनी उत्तम गोदीत चांगल्या पगारावर होता आणि आईचे गुडघे पार गेले होते. घरातली सगळी माणसं मावतील, आईला चढता-उतरता येईल आणि वाटेत दगा देणार नाही, अशी गाडी त्याला हवी होती.

शोरूममध्ये सोनूबाई एकेका गाडीत बसून पाहू लागली. पांढऱ्या गाडीतून ती कुणाचा हात न धरता उतरली आणि म्हणाली, "हीच घे."

गाडीची चौकशी उत्तमने आधीच टॅक्सीवाल्या मित्रांकडे केली होती, त्यामुळे तो लगेच तयार झाला. विक्रेता म्हणाला, "मावशी, भाव फिक्स आहे."

"मी पण पापलेटचा भाव फिक्सच सांगायची रे," सोनूबाई हसली. "गिऱ्हाईक उठलं की हाक मारायची." आणि ती खरंच उठून दारापर्यंत गेली.

विक्रेत्याला हसू आवरेना. त्याने साहेबांना विचारून पंधरा हजार कमी केले, वर सीट कव्हरंही दिली.

गाडी मिळाली त्या दिवशी सोनूबाई मागे बसायला निघाली. उत्तमने तिला थांबवून पुढचं दार उघडलं.

"आये, तू होतीस म्हणून आम्ही उभे राहिलो. कधी बोललो नाही तुला."

सोनूबाईने त्याच्या गालावरून हात फिरवला, पुढे बसली आणि म्हणाली, "चल, लालबागला घे. मैत्रिणींना दाखवू दे."