गेल्या पिढीचा हिवाळा

भिंतीच्या भेगेत उगवणारं, कुणी ढुंकूनही न बघणारं एक तण. फुलं पांढरी, तांदळाच्या कणीएवढी.

बटाट्यांच्या कोल्ड स्टोरेजचं जाड दार.

ऐन उन्हाळ्यात स्वेटर घालून झोपणारी बाई.

पोटातलं मूल लाथ मारतं. दार वाजवत नाही.

*

"काल पुन्हा झोपेत भिंत ठोकत होतीस," नवरा दात घासता घासता म्हणाला. "टकटक, मग थांबून कानोसा घ्यायचा, पुन्हा टकटक. मी आपला 'कोण आहे' म्हणत दार उघडून आलो. बाहेर कुत्रं. तेही हसलं असेल मला."

तिलाही हसू आलं. हे लहानपणापासूनचं होतं आणि त्याचं कारण तिच्यापाशी तयार होतं. आई कोल्ड स्टोरेजमध्ये बटाटे निवडायला जायची. एकदा चुकून आत कोंडली गेली आणि सकाळपर्यंत दार ठोकत राहिली. तेव्हा आपण तिच्या पोटात असणार. म्हणजे ती थंडी आपण स्वतः भोगली. आपल्या बाळाने नाही. विषय संपला.

हा दिलासा तिला तिच्या कामाने दिला होता. प्रयोगशाळेत ती भिंतीच्या भेगेतल्या त्या तणाचाच अभ्यास करायची. एकाच जातीची रोपं, पण काही झटपट फुलतात, तर काही हिवाळा काढल्याशिवाय फुलायचं नाव घेत नाहीत. या दुसऱ्यांत एक जनुक फुलण्यावर ब्रेक दाबून बसलेलं असतं. लांबलेली थंडी त्याला गप्प करते, आणि थंडी सरली तरी रोप ती विसरत नाही. बी धरताना मात्र ब्रेक पुन्हा लागतो. आईचा हिवाळा लेकीच्या कामाचा नाही. जिचा तिने काढायचा.

*

यंदाचं बी तिने त्याच कोल्ड स्टोरेजच्या मागच्या, सदा गारठलेल्या भिंतीतून आणलं. निळी काडी खोचलेल्या ट्रेला थंडी दिली, पिवळीवाल्याला नाही. पिवळ्यात नुसती पानं दिसायला हवी होती.

पिवळा फुलला.

"काड्यांची अदलाबदल केलीस, ताई," शेजारच्या टेबलावरचा चष्मिष म्हणाला. "दिवस गेले की असंच होतं. माझ्या बायकोने किल्ल्या फ्रीजमध्ये ठेवल्या होत्या."

शक्य होतं. तिने सगळं फेकून नव्याने पेरलं, काड्या स्वतः खोचल्या, पिवळा ट्रे ठेवलेल्या उबदार कपाटाला कुलूप घातलं. जनुकाची अक्षरं तपासली. एकही बदललेलं नव्हतं. ब्रेक शाबूत होता. नुसता गप्प होता, कडाक्याचा हिवाळा सोसून आल्यासारखा.

पिवळा पुन्हा फुलला. दिवे डोक्यावर, तरी सगळे देठ कपाटाच्या दाराकडे वाकलेले. जागेचा फरक पडू नये म्हणून ट्रे रोज फिरवायची पद्धत असते. तिने फिरवला. सकाळी देठ परत दाराकडे.

"आता बोल," ती म्हणाली.

चष्मिषने चष्मा पुसला.

*

आई लोकरीचं इवलंसं स्वेटर विणून घेऊन आली.

"अगं, उन्हाळ्यात होणार बाळ. लोकर कशाला?"

"असू दे." आईने तिच्या पोटावर हात ठेवला.

टकटक.

मग आत सगळं थांबलं, कुणी कान देऊन ऐकावं तसं. मग टकटक.

चटका बसल्यासारखा आईने हात काढून घेतला.

"लाथ मारतंय," लेक घाईने म्हणाली. "आई, तू अडकलीस तेव्हा मी पोटात होते ना?"

"चहा टाकते."

"आई. होते ना?"

"मी असं कधी म्हटलं होतं?" आई ओट्याकडे तोंड करून उभी राहिली.

पोटात पुन्हा वाजलं. तिची बोटं तिच्या नकळत खुर्चीच्या हातावर वाजली. आणि ओट्यावर, पाठमोऱ्या आईची.

आई कोल्ड स्टोरेजमध्ये कोंडली गेली, तेव्हा तिचं लग्नही झालेलं नव्हतं.