एका हाताच्या दोन नळ्या

मित्रांनो, माझ्या डाव्या पायाखाली एक पत्र पाच आठवडे पडून होते. ते मला आलेले नव्हते. मला कोण पत्र लिहिणार? मी एक जुना सेंट्रीफ्यूज, रक्ताच्या नळ्या गरागरा फिरवणारे यंत्र. निकाराग्वातल्या सान इलारिओ गावच्या रक्ततपासणीच्या खोलीत सव्वीस वर्षे एकाच टेबलावर आहे. ऊस तोडणारी माणसे मला 'भोवरा' म्हणतात. पत्र फिदेलिना नावाच्या बाईने आमच्या ओतिलियाबाईंना लिहिले होते. ओतिलियाबाई इथे रक्त काढतात, तपासतात आणि कागदावर सही करतात. त्यांनी पत्र वाचले, घडी करून माझ्याखाली सरकवले आणि उत्तर दिले नाही.

पत्रात एवढेच होते: "बाई, तुमच्या कागदावर माझ्या नवऱ्याची, निकासिओची, मूत्रपिंडं चांगली लिहिली आहेत. मग तो पोटऱ्या धरून का ओरडतो? ताट पुढे आलं की त्याला उलटी का येते? तुमचा कागद खरा, की माझे डोळे?"

माझा जन्म कुठे झाला ते मला नीट सांगता येणार नाही. पाठीवरची नावगावाची पट्टी झिजून गेली आहे. मी आलो तेव्हा मात्र गावाने माझे कौतुक केले होते. आता झाकणाची कडी तुटली आहे, आणि दंडाला बांधायच्या रबरी पट्टीने ते झाकण बांधून ठेवतात. असो. मी फार शिकलेला नाही. ओतिलियाबाई लोकांना समजावतात ते ऐकून सांगतो, चुकले तर सांभाळून घ्या.

जांभळ्या बुचाची नळी माझ्याकडे येत नाही. तिच्यातल्या पेशी मोजतात. हिमोग्लोबिन कमी भरले तर अंगात रक्त कमी. पांढऱ्या पेशी फार वाढल्या तर बहुधा शरीर कुठेतरी जंतूंशी झुंजते आहे. लाल बुचाची नळी माझी. तिच्यातले रक्त गोठले की मी दहा मिनिटे फिरतो. लाल गाळ तळाशी बसतो, वर पिवळसर पाणी उरते. त्यात साखर पाहतात आणि क्रिएटिनिन पाहतात. क्रिएटिनिन म्हणजे स्नायूंचा केर. मूत्रपिंडे तो रोज बाहेर टाकतात. ती थकली की केर रक्तात साचतो आणि आकडा चढतो.

आमच्याकडे सगळ्यांना भीती असते ती याच आकड्याची. उन्हात, पुरेशा पाण्यावाचून कोयता चालवून इथल्या कितीतरी तरण्या माणसांची मूत्रपिंडे निकामी झाली. म्हणून तोडणीआधी साखर कारखाना प्रत्येकाचा आकडा मागतो. तो एक पूर्णांक तीनच्या वर गेला की काम नाही. आणि ऊस सोडला तर इथे दुसरे काम नाही.

नोव्हेंबरात निकासिओचा धाकटा भाऊ तोरिबिओ सकाळी रक्त देऊन गेला. तासाभराने तो पुन्हा आला. अंगात दुसरा सदरा, डोक्यावर टोपी.

"नाव?" ओतिलियाबाईंनी विचारले.

"निकासिओ."

"सकाळी तोरिबिओ होतास."

"तो माझा भाऊ. आम्ही सारखे दिसतो. मी जरा देखणा."

"आणि कोपराजवळची ही कोयत्याची खूण? तीही सारखीच?"

तोरिबिओचे हसू मावळले. "बाई, त्याला तीन लेकरं आहेत. त्याचा आकडा चढला असला तर ती खातील काय? माझं रक्त चांगलं आहे. थोडं त्याच्या नावावर घाला."

ओतिलियाबाईंनी सुई उचलली. सकाळची आणि आताची, दोन्ही नळ्या माझ्यात समोरासमोर बसल्या. मला समोरासमोर सारखे वजन लागते, नाहीतर मी थरथरतो. त्या दिवशी मी जराही थरथरलो नाही. वरचे पाणी एकाच रंगाचे. साखर एक्याण्णव, एक्याण्णव. क्रिएटिनिन शून्य पूर्णांक नऊ, शून्य पूर्णांक नऊ. ओतिलियाबाईंनी दोन्ही कागदांवर सही केली आणि निकासिओला काम मिळाले. मी गप्प राहिलो. यंत्राला बोलता येत नाही, हे कारण मला अजून पुरेसे वाटत नाही.

फेब्रुवारीत कारखान्याने पुन्हा तपासणी मागितली. तोरिबिओ आला, या वेळी टोपीसुद्धा न बदलता.

"दोन काढा बाई, मागच्या वेळेसारख्या."

मी फिरलो. थोड्या वेळाने ओतिलियाबाई आकड्याकडे पाहत उभ्याच राहिल्या. एक पूर्णांक नऊ. दुसऱ्या नळीतही तेच.

"भोवरा म्हातारा झालाय," तोरिबिओ म्हणाला. "चुकला असेल. पुन्हा फिरवा."

खरेच माझी चूक असेल तर? ओतिलियाबाईंनी ताजे रक्त काढले. मी जीव तोडून फिरलो. मित्रांनो, आपलीच चूक निघावी असे मला आयुष्यात तेव्हाच वाटले.

एक पूर्णांक नऊ.

"पण मला काही होत नाही," तोरिबिओ खुर्चीत बसत म्हणाला. "कंबर दुखते, तेवढी गोळी घेतो."

"दिवसाला किती?"

"चार. कधी पाच."

"त्या गोळ्यांनी मूत्रपिंडांवर आणखी भार पडतो. आजपासून बंद. हा आकडा तुझा आहे, तोरिबिओ. निकासिओचा किती आहे ते या खोलीत कुणालाच माहीत नाही. तो कुठे आहे?"

"फडात."

"उभं राहवतं?"

तोरिबिओने मान खाली घातली. "बसून तोडतो."

ओतिलियाबाईंनी मला एका बाजूने उचलले आणि पत्र ओढून काढले. पेन हातात घेतल्यावर त्या थांबल्या. जे लिहायचे होते त्याने त्यांची नोकरी जाऊ शकत होती. मग लिहीत गेल्या, आणि प्रत्येक वाक्य तोरिबिओला ऐकू जाईल असे म्हणत गेल्या.

"फिदेलिना, तुझे डोळे खरे. कागदावरचं रक्त निकासिओचं नाही, तोरिबिओचं आहे. मला ते ठाऊक होतं आणि तरी मी सही केली. उद्या त्याला फडात जाऊ देऊ नकोस. इथे घेऊन ये, त्याचं रक्त मी त्याच्याच नावाने तपासते. मग आपण सगळे मिळून शहरातल्या मोठ्या दवाखान्यात जाऊ. तोरिबिओलाही न्यायचं आहे. कारखान्याला जे सांगायचं ते मीच सांगेन."

मित्रांनो, आमच्यासारख्या जुन्या यंत्रांना पुसत जा, वंगण घालत जा. पण त्याआधी एवढे करा: नळीवर जे नाव असेल, रक्तही त्याचेच असू द्या. मी कितीही नीट फिरलो तरी एकाच्या रक्तातून दुसऱ्याचे दुखणे कळत नाही.

आमच्या भागात टपाल बसनेच जाते. दुपारची बस खिडकीसमोर थांबली तेव्हा ओतिलियाबाई पांढऱ्या कोटातच धावत गेल्या. चालकाने पाकीट हातात घेतले.

"उद्या दिलं तर चालेल ना, बाई?"

"नाही. आज. तिच्याच हातात."

त्याने पाकीट सदऱ्याच्या खिशात घातले, वरून बटण लावले आणि बस फडाच्या रस्त्याला लागली.